अंगात आलं तर चालतं

केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. सोडा लावा, लिंबू चोळा, रॉकेलमध्ये बुडवा. डाग आधी फिकट दिसतो, उन्हात काळा पडतो आणि कापड फाटेपर्यंत राहतो. म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना, लांब बाह्यांचा सदरा चढवतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी आईचा असाच सदरा आणला. पाठीवर, खांद्यांवर, मनगटांशी काळे ओघळ. जवळून पाहिलं तर शाईचित्रच.

तिचं म्हणणं साधं होतं. पांढऱ्या भिंतीसमोर तो सदरा घालून, केस मोकळे सोडून ती दोन तास उभी राहणार. बाजूला बादलीत ताजे कापलेले केळीचे दांडे. एकेक दांडा घेऊन तिनं स्वतःच्या अंगावरच्या सदऱ्यावर रेघा ओढायच्या, न बोलता. त्या दिवशी रेघा फारशा दिसणार नाहीत. प्रदर्शन संपेतोवर काळ्या पडतील, मग सदरा भिंतीला टांगायचा.

परवानगी मिळाली नाही. संस्थेचं नाव इथं महत्त्वाचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांत हेच झालं असतं. नकारही रागावून दिलेला नव्हता, उलट मायेनं दिला होता. "केस मोकळे सोडून? दोन तास? आणि बोलणार काहीच नाहीस? मग लोक बघणार काय, तुलाच ना? त्यापेक्षा हेच कॅनव्हासवर काढ बाळा, पहिलं बक्षीस देऊ." मी तिथंच बसले होते. मीसुद्धा तिला म्हटलं, काढ कॅनव्हासवर, वर्ष वाया जाईल. हे माझ्या नावावर लिहून ठेवते, म्हणजे पुढचं सगळं दुसऱ्यांवर ढकलल्यासारखं होणार नाही.

मुलगी नखशिखान्त झाकलेली होती. साडी, वर सदरा. आणि ज्या दालनात हे बोलणं चाललं होतं तिथल्या भिंतीवर अजिंठ्याच्या अप्सरेची एका मुलानं केलेली मोठी प्रत लावलेली, कमरेच्या वर जवळपास उघडी. तिच्याखाली प्राचार्यांसह सगळ्यांचे फोटो निघाले होते. अजिंठा आमच्या उशालाच. जिल्हा दुसरा असला तरी जळगावच्या शाळांची सहल तिथं जातेच. पाचवीतली पोरं त्या चित्रांसमोरून रांगेनं फिरतात, एकही पालक तक्रार करत नाही आणि करूही नये. तेव्हा आक्षेप नग्नतेला असतो हे आपण सरळ विसरून जाऊ. तो कशाला असतो, हे शोधताना मला एका अमेरिकन चित्रकर्तीचं आयुष्य फार उपयोगी पडलं. कॅरोली श्नीमन तिचं नाव.

ती 1939 मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मली. वडील खेडेगावचे डॉक्टर. ती स्वतःला शेवटपर्यंत चित्रकारच म्हणवत राहिली. परफॉर्मन्स, चित्रपट, छायाचित्रं या सगळ्याला ती चित्रकलेचाच विस्तार मानायची. बार्ड कॉलेजात शिकताना ती मित्राच्या चित्रांसाठी नग्न बसायची आणि स्वतःची नग्न चित्रंही काढायची. नैतिकतेचं कारण दाखवून कॉलेजनं आपल्याला बाहेर काढलं, असं ती सांगत असे. दुसऱ्यानं काढावं म्हणून बसली तेव्हा ती मॉडेल होती. स्वतःच ब्रश धरला तेव्हा तिची नीतिमत्ता निघाली.

1963 मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या माळ्यावर तिनं फुटके आरसे, रंगवलेल्या फळ्या, यंत्रावर फिरणाऱ्या छत्र्या अशी एक मोठी रचना उभी केली आणि मग स्वतः त्यात शिरली. अंगाला ग्रीस, खडू, दोर, प्लास्टिक. पोटावर जिवंत साप. एरो या आइसलँडच्या चित्रकारानं फोटो काढले, पण कुठं कसं दिसायचं हे तिनं ठरवलं. या कामाचं नाव 'आय बॉडी', यातलं 'आय' म्हणजे डोळा. कॅमेऱ्यासाठी केलेली छत्तीस रूपांतरं. आपण त्यात प्रतिमाही आहोत आणि प्रतिमा घडवणारेही, असा तिचा दावा होता. कलेच्या जगातल्या एका बड्या माणसाला ते फोटो दाखवले, तर तो म्हणाला की चित्रं काढायची असतील तर काढ, नागडं फिरायचं असेल तर इथं तुझं काम नाही. ही आठवण तिचीच. साठ वर्षं आणि सात समुद्र ओलांडून ते वाक्य आमच्या दालनात कसं पोचलं, याचं मला अजून नवल वाटतं. फक्त तिकडे 'बाळा' नव्हतं.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट मॉरिस या शिल्पकाराच्या एका प्रयोगात ती एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या 'ऑलिम्पिया' चित्रातल्या बाईसारखी नग्न पडून राहिली, न हलता. मॉरिस फळ्या हलवत होता. तो प्रयोग त्याच्या नावावर इतिहासात गेला आणि कुणालाच खटकला नाही.

त्याच्याही आधी स्टॅन ब्रॅकेज या नामांकित प्रायोगिक चित्रपटकारानं तिला आणि तिचा जोडीदार, संगीतकार जेम्स टेनी याला घेऊन दोन लघुपट केले होते. दोघं त्याचे स्नेही. पण पडद्यावर दिसलेली बाई आपण नव्हेच, असं तिला वाटत राहिलं. एका चित्रपटात तर आपल्याला ॲप्रन बांधायला लावला, ही तक्रार ती पुढे कैक वर्षं करत होती. मग तिनं स्वतःच कॅमेरा मिळवला. 1964 ते 1967 या काळात 'फ्यूजेस' झाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या जोडीदाराबरोबरचा शृंगार, आणि बघायला फक्त किच नावाची मांजर. कॅमेरा कधी खुर्चीवर टेकवलेला, कधी दिव्याला टांगलेला. त्याच्या मागं कुणीच नाही. नंतर तिनं ती फिल्म रंगवली, खरवडली, भाजली, ॲसिडात घातली. पडद्यावर दोन देह आहेत, पण बघणाऱ्याला हवं ते हवं तेव्हा मिळत नाही. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातल्या खेळात काही पुरुष प्रेक्षकांनी चिडून खुर्च्यांच्या गाद्या फाडल्या, असं ती सांगे. अश्लील काही दिसलं म्हणून ते चिडले असतील असं मला वाटत नाही. अश्लील बघायच्या तयारीनं गेलेल्यांना ते मिळालं नाही, म्हणून चिडले असावेत.

1964 मध्ये पॅरिसला 'मीट जॉय' झाला. कच्चे मासे, कोंबड्या, सॉसेज, ओला रंग आणि त्यात लोळणारी माणसं. त्या खेळात प्रेक्षकांतला एक पुरुष पुढे आला आणि तिचा गळा आवळू लागला. तीन मध्यमवयीन बायांनी त्याला ओढून काढलं. ही आठवणही तिचीच, आणि मला ती तिच्या सगळ्या कामांपेक्षा जास्त आठवते. त्या तिघी कोण होत्या, त्यांना तो प्रयोग कळला का, आवडला का, ठाऊक नाही. मासे-कोंबड्यांचा तो धिंगाणा मलाही फारसा आवडत नाही. पण गळा कुणाचा सोडवायचा, यासाठी त्यांना तो आवडायची गरज पडली नाही.

आता कानबाई या आमच्या देवीकडे येते, कारण खान्देशात बाईच्या देहाची गोष्ट कानबाईला वगळून करताच येत नाही. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घराघरांत ती बसते. नारळाला डोळे, नाक, नथ. मग रोट, रात्रभर गाणी, फुगड्या. सोमवारी नदीवर विसर्जन. त्या रात्री माझी एक चुलत आजी घुमायची. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, सासऱ्यासमोर न बोलणारी. तिचे केस सुटायचे, पदर कुठल्या कुठं जायचा, आवाज पुरुषासारखा व्हायचा, ती मोठमोठ्या माणसांना नावानं हाका मारून सुनवायची. आणि ती माणसं हात जोडून ऐकायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चुलीपाशी. तिला कुणी काही विचारत नसे, कारण ते तिनं केलेलं नव्हतंच.

मोकळे केस, तास-तासभर चाललेला देहाचा खेळ, भोवती बघे: आमच्या प्रदर्शनात नाकारलं गेलं ते सगळं कानबाईसमोर मान्य आहे. अट एकच, कर्ती दुसरी कुणी असली पाहिजे. अंगात आलं तर चालतं, मनात आलं तर चालत नाही. माझ्या विद्यार्थिनीनं 'मला देवीचा संचार होतो' म्हटलं असतं तर तिला दालन काय, मांडव मिळाला असता.

हे मी श्रद्धेची टिंगल म्हणून लिहीत नाही. माझ्या आजीला वर्षातून एक रात्र मिळाली ती कानबाईमुळेच. श्नीमनलाही देवीचं आकर्षण होतं. पोटावरचे ते साप आणि क्रीटमधली प्राचीन सर्पधारी देवी यांचं नातं तिला फोटो काढून झाल्यावर पुष्कळ उशिरा उमगलं. पण देवीच्या नावानं केलं, असं ती म्हणाली नाही. मी केलं म्हणाली आणि खाली सही केली.

आखाजीचंही, म्हणजे अक्षय्य तृतीयेचंही, तेच. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, लिंबाला झोके बांधले जातात. (पुरुष त्या दिवशी पत्ते कुटतात, हेही इथं नोंदवून ठेवते.) झोक्यावरच्या गाण्यांत सासू, नवरा, नणंद यांचा जो उद्धार चालतो तो वर्षभर तोंडातून काढला तर घर फुटेल. श्नीमनच्या ज्या कामावर मी मनापासून लुब्ध आहे त्यातही झोकाच आहे. झाडं छाटणारे कारागीर कमरेला बांधतात तशा दोरात ती स्वतःला टांगून घ्यायची आणि हातातल्या खडूनं भोवतीच्या भिंतींवर, जमिनीवर, झोका नेईल तिथवर रेघा ओढत राहायची. 'अप टू अँड इन्क्लुडिंग हर लिमिट्स', 1973 ते 1976. जॅक्सन पोलॉकनं जमिनीवर कॅनव्हास पसरून वरून रंग ओतला तेव्हा जग त्याला मर्दानी प्रतिभा म्हणालं; हिनं हात पुरेल तेवढीच रेघ ओढली. तुमच्या-माझ्या आखाजीतला झोका कितीदा गेला-आला, याची खूण मात्र कुठंच राहत नाही. गाणी राहतात ती कुणी टिपून ठेवली तर.

बहिणाबाईंची टिपली गेली. आसोद्याची ती लेक, अक्षरशत्रू. मुलानं, म्हणजे सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं वेळोवेळी ती गाणी वहीत उतरवली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण घरात कवी मुलगा नसता तर? त्यांच्या आसपासच्या वावरांत आणखी कितीजणी गात असतील, ज्यांच्या घरी वही नव्हती?

आणि पारो. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला 1844 मध्ये आलेला मेजर रॉबर्ट गिल अखेर 1879 मध्ये इथंच वारला. त्याची कबर भुसावळात आहे. त्याच्या सोबत राहिलेली पारो 1856 मध्ये गेली, तिच्या नावाचा दगड अजिंठा गावात आहे. तिच्याबद्दल कहाण्या पुष्कळ, तिच्या हातचं काही नाही. दगडावरची अक्षरंसुद्धा त्यानं कोरून घेतलेली. पोरं मला विचारतात, पारोवर 2012 च्या 'अजिंठा'नंतर दुसरा सिनेमा का निघत नाही मॅडम? मी म्हणते, निघेल; पण त्यातही कॅमेरा गिलच्याच खांद्यावर असेल.

आता माझ्या या सगळ्या म्हणण्याला जो खरा अडसर आहे, तो सांगते. 'पाश्चात्त्य फॅड' हा आक्षेप मी धरत नाही. जलरंगही पश्चिमेकडूनच आले. अडसर आहे तो तमाशाचा. खान्देशातल्या यात्रांना फड येतात, पुढची रांग आधी भरते. ज्या जातींतल्या बायांना पिढ्यान् पिढ्या लोकांसमोर नाचावंच लागलं, त्यांना कुणी येऊन 'देह हे तुझं माध्यम आहे' म्हणून सांगणं हा विनोद झाला. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: खेळ चालू असताना पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा उभं राहायला निघाल्या. त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. गोऱ्या, शिकलेल्या श्नीमनचं धाडस या धाडसाशेजारी ठेवताना माझा हात अडखळतो. तिच्या काळातल्या काही स्त्रीवाद्याही तिला आत्ममग्न, देहाचं प्रदर्शन मांडणारी म्हणत. सुंदर बाईनं कपडे काढले की त्यात क्रांती कसली, हा त्यांचा सवाल अगदीच पोकळ नव्हता.

तरी मी तिच्या बाजूनं का? कारण तिच्याकडून घ्यायची गोष्ट कपडे काढणं ही नव्हेच. खेळाचा मालक कोण, कॅमेरा कुठं ठेवायचा हे कोण ठरवणार, आणि पुढं पुस्तकात नाव कुणाचं येणार, हे प्रश्न तिनं लावून धरले. हेच प्रश्न फडातल्या बाईचेही आहेत, तिच्या बाबतीत तर ते पोटाशी बांधलेले आहेत. विठाबाई पुढे स्वतःच्या नावाचा फड चालवत होत्या, ही गोष्ट नाळेच्या कहाणीइतकी कुणी सांगत नाही. आपल्याला बाईचं सोसणं पाठ असतं, तिचा धंद्यातला हिशेब नाही. आपल्याकडे असे प्रश्न विचारणाऱ्या चित्रकर्ती झाल्याच नाहीत असंही नाही. नलिनी मलानींनी मुंबईत 1969 मध्येच प्रायोगिक चित्रपट हाती घेतला. रुमाना हुसेन 1995 मध्ये हातात कापलेली पपई घेऊन, तोंड उघडून, आवाज न काढता मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात चालल्या; अंगावर पूर्ण कपडे. माझ्या विद्यार्थिनीच्या सदऱ्याची खरी मावशी ती पपई आहे. पण जिल्ह्याच्या कलामहाविद्यालयांत ही नावं कुणी काढत नाही. आम्ही रविवर्म्यापासून निघतो आणि हुसेनपर्यंत येऊन थांबतो. हुसेन म्हणजे एम. एफ., रुमाना नव्हे.

श्नीमनचं सर्वांत गाजलेलं काम 1975 चं, 'इंटिरियर स्क्रोल'. ईस्ट हॅम्प्टनला, बहुतांशी बायाच असलेल्या प्रेक्षकांसमोर, ती टेबलावर उभी राहिली आणि स्वतःच्या योनीतून कागदाची एक लांब, घडी घातलेली पट्टी बाहेर काढत ती वाचत गेली. मजकूर काय होता? एका चित्रपटकारानं तिच्या चित्रपटांवर घेतलेले आक्षेप: फार खाजगी, फार भावनिक, रोजनिशीसारखं, शिस्त नाही. पुष्कळ वर्षांनी तिनं सांगितलं की तो टोला खरं तर एका विदुषी समीक्षकेला होता, जिला तिचे चित्रपट बघवत नसत. मला हा खुलासा फार महत्त्वाचा वाटतो. दार अडवून उभी असलेली व्यक्ती दर वेळी पुरुष नसते. आमच्या दालनातही खुर्चीत बसलेली एक बाई मीच होते. (महाराष्ट्रात रंगमंचावर काही करायचं तर आधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. ही संहिता कुठल्या लिफाफ्यात घालून दिली असती, असा चावट विचार माझ्या मनात दर वेळी येतो.)

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्यापेक्षा चार पावलं पुढं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात इंग्रजांच्या काळची अश्लीलतेची कसोटी मोडीत काढली आणि आजच्या समाजाच्या नजरेनं, संदर्भासह बघा असं सांगितलं. केरळच्या उच्च न्यायालयानं 2023 मध्ये एका आईवरचा खटला रद्द करताना नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे पुन्हा बजावलं; मुलं तिच्या उघड्या अंगावर चित्र काढतानाचा तो व्हिडिओ होता. पण न्यायालयापर्यंत जातं कोण? इथं दालनाची किल्ली एका टेबलाच्या खणात असते आणि नकाराला कागदही लागत नाही.

2017 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात श्नीमनला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. वय सत्त्याहत्तर. दोन वर्षांनी ती गेली. तोवर तिची बरीचशी हयात इथं-तिथं तात्पुरतं शिकवून आणि चित्रं न विकली जाण्यात गेली होती. त्याच 2017 च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून रवी जाधवांचा 'न्यूड' परीक्षकांनी निवडलेला असताना ऐनवेळी काढला गेला. तो होता चित्रकला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईबद्दल. नग्न चित्र चालतं, अजिंठा चालतो. त्या चित्रासाठी बसणाऱ्या बाईचं बोलणं सुरू झालं की अडचण.

माझी मागणी म्हणाल तर लहान आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी कलाशिक्षण आहे, नाट्यगृहं आहेत. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे. पुरुषानं बाईचा देह इतका सुंदर उभा केला की बायांनी त्याच्यासारखी साडी नेसायला सुरुवात केली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मग वर्षातून चार संध्याकाळी ते दालन, तो मंच अशा मुलींना द्या, ज्या स्वतःचा देह स्वतः उभा करतील. काम वाईट निघेल, चालेल. वाईट निसर्गचित्रांनी आपल्या भिंती भरल्याच आहेत. नकार द्यायचाच असेल तर कारण लिहून द्या, सही करा. आणि परीक्षेत रुमाना हुसेनवर पाच गुणांचा एक प्रश्न येऊ द्या. प्रश्न आला की नोट्स निघतात, नोट्स निघाल्या की पोरं नावं घेतात. आपल्याकडे ज्ञान असंच पसरतं, त्याला माझा इलाज नाही.

त्या मुलीनं कॅनव्हास केला. पहिलं बक्षीस मिळालं नाही, दुसरं मिळालं. पण उन्हाळ्यात तिनं मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. बागेत, कापलेल्या केळीच्या बुंध्याला टेकवलेला फोन, मागं कुणी नाही. समोर ती, मोकळ्या केसांनी, सदरा घालून, हातात दांडा. अकरा मिनिटं रेघा. वारा, पानांची सळसळ, दूर कुठं मोटारीचा आवाज. तिची आई हे सगळं बघत बांधावर बसली होती. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं मुलीनंच मध्ये विचारलं, तर आईचा आवाज येतो: "कसाले लाज वं? मी त रोज घालूनच जाते वावरात."

शेवटच्या मिनिटाला ती बाई चौकटीत शिरते, पाठ आपल्याकडे. पोरीच्या अंगावरचा सदरा उतरवून घेते, झटकते, उन्हाकडे धरून नवे डाग बघते आणि घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी कापणी होती.